शांत समुद्रकिनाऱ्यावर पिकनिक आणि तंबूतला मुक्काम कसा आखावा

गर्दीच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतो, पाणी मिळतं, काही बिनसलं तर हाक मारायला चार माणसं असतात. शांत किनारी उद्यानात बहुधा यातलं काहीच नसतं, आणि आपण तिथे जातो तेही त्याचसाठी. म्हणून सगळी काळजी घरूनच सोबत न्यावी लागते. मात्र सामानाची यादी नंतर करा. आधी भरतीच्या वेळा बघा, कारण तिथला सगळा दिवस त्यांच्यावरच बसवायचा असतो.

आधी चौकशी

रात्री राहायची परवानगी आहे का, फाटक किती वाजता बंद होतं, चूल पेटवू देतात का, प्यायचं पाणी आणि शौचालय आहे का, एवढं उद्यानाच्या व्यवस्थापनाला विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी दिवसा बसायची जागा वेगळी आणि तंबूची वेगळी असते. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी कोणाला तरी सांगून निघा. अशा जागी मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

भरतीचा हिशेब

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे आजच्या वेळेपेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. समजा, संध्याकाळी पाच वाजता पूर्ण ओहोटी आहे. समोर लांबवर कोरडी, सपाट वाळू दिसते आणि तंबू तिथेच ठोकावासा वाटतो. पण पाणी सर्वांत वर येणार रात्री सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे नेमकं तुम्ही झोपेत असताना. माझ्या पहिल्या मुक्कामात हा हिशेब राहून गेला होता. पाठीखाली ओला गारवा लागून जाग आली आणि अंधारात सगळं उचलून वर पळावं लागलं. तेव्हापासून भरतीच्या वेळा कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी निघत नाही.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाची भरती असते, पाणी एरवीपेक्षा बरंच वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार कमी. चांदण्या रात्रीचा मोह मला समजतो, पण पहिलाच मुक्काम असेल तर अष्टमीच्या जवळपासचा दिवस निवडा.

तंबूची जागा

पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी किनाऱ्यावर एक फेरी मारा. शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचे तुकडे यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल. मागची भरती तिथपर्यंत आली होती. अशा दोन-तीन रेघा असतील तर सर्वांत वरची, वाळून गेलेली रेघ धरा आणि तंबू तिच्याही बऱ्याच वर लावा. पण गवत-वेली वाढलेल्या वाळूच्या टेकड्यांवर नको. त्यांच्या मुळांनी ती वाळू बांधून ठेवलेली असते आणि पायाखाली तुडवली गेली की वारा टेकडी पोखरू लागतो. ओहोळाच्या मुखाशी आणि वाळक्या फांद्यांखालीही मुक्काम नको.

साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पहिल्या जोराच्या वाऱ्यात निघून येतात. त्याऐवजी कापडी पिशव्या न्या. प्रत्येक पिशवी वाळूने भरा, तिला दोरी बांधा, हातभर खड्ड्यात पुरून वरून वाळू घट्ट दाबा. दोरीच्या टोकाला जाड काठी आडवी बांधून पुरली तरी चालतं. निघताना पिशव्या रिकाम्या करून घडी घालायच्या, वजन काहीच नाही.

वाऱ्याचं एक ध्यानात असू द्या. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. संध्याकाळी फक्त समुद्राच्या बाजूच्या दोऱ्या ताणल्या तर मध्यरात्री तंबू उलट्या बाजूने फडफडतो. चारही बाजू सारख्याच ताणा.

जेवण आणि सावली

माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी धरा. ओला, रसदार पदार्थ वाळूत सांभाळणं अवघड. हातात धरून खाता येईल असं, घट्ट झाकणाच्या डब्यातलं जेवण बरं. नासणारं अन्न बर्फाच्या पेटीत ठेवा. बाहेर ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा नाही.

वाळू आणि पाणी ऊन वर परतवतात, त्यामुळे छत्रीखाली बसूनही त्वचा भाजते. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा.

पाण्यात उतरताना

जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर माझं स्पष्ट मत आहे: पाण्यात खेळायचं तर गुडघ्यापर्यंतच, आणि एकट्याने कधीच नाही. फुटणाऱ्या लाटांच्या मधे एखादा पट्टा शांत, गडद दिसला तर तो सुरक्षित वाटतो. बऱ्याचदा तिथेच पाणी वेगाने आत परतत असतं. अशा ओढीत सापडलात तर थेट किनाऱ्याकडे झुंजू नका, दमछाक होते. अंग तरंगतं ठेवा, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग तिरके परत या. हात वर करून मदत मागा. कोणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी न मारता तरंगणारी वस्तू फेका: रिकामा कॅन, बर्फाची पेटी, काहीही.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि लक्षणं वाढत असतील तर डॉक्टरांकडे न्या. वाळूत मरून पडलेली जेलीफिशही डंख करू शकते, मुलांना हे आधीच सांगून ठेवा. मुलांचे वाळूतले खड्डेही त्यांच्या गुडघ्यांपेक्षा खोल जाऊ देऊ नका. कडा अचानक ढासळतात.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की पाण्यातून आणि उघड्या वाळूवरून निघून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

रात्र

चूल तंबूच्या आत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. निखाऱ्यांवर वाळू ढकलून मोकळे होऊ नका, खाली ते कित्येक तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्याचा पाय त्यावर पडतो. भरपूर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात जवळ नेऊन खात्री करा.

दिवे कमीत कमी ठेवा. कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर आल्यावर उजळलेल्या क्षितिजाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, सरपटतात. तंबूतला झगझगीत दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर टॉर्च लागलाच तर लाल आणि मंद उजेडाचा असावा. स्पीकर घरीच राहू द्या. लाटांचा आवाज ऐकायला आलेल्या शेजाऱ्याचाही त्या रात्रीवर तुमच्याइतकाच हक्क आहे.

निघताना

खड्डे बुजवा. कचरा सगळा सोबत न्या, फळांच्या सालीसुद्धा. शंख उचलण्याआधी आत डोकावून बघा, बऱ्याच शंखांत संन्यासी खेकडा राहत असतो. तंबू झटकून भरा, पण घरी पोहोचल्यावर तो गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून मगच घडी घाला. तंबूच्या चेनच्या (झिपच्या) दातांत अडकलेली खारी वाळू जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पुढच्या वेळी ती अर्ध्यातच अडकेल.