व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे सॅच्युरेशन अचानक घसरल्यास: आयसीयूतील परिचारिकांचा सराव कसा घ्यावा

बीएलएस आणि एसीएलएस या हृदय थांबल्यावर द्यायच्या प्राथमिक व प्रगत उपचारांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे दोन वर्षांसाठी मिळतात, परंतु हाताची सवय काही महिन्यांतच ढिली पडू लागते. त्यामुळे वर्षातून एकदा सभागृहात घेतलेल्या दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा, आपल्याच आयसीयूत, आपल्याच क्रॅश कार्टसह (तातडीच्या औषधांची व साधनांची ढकलगाडी) दर महिन्याला घेतलेला अर्ध्या तासाचा सराव अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी महागडा मॅनिकिन लागत नाही. ईटी ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत जाणारी, व्हेंटिलेटरला जोडायची नळी) घालता येईल असा साधा पुतळा, रिकामा बेड आणि मॉनिटरवरचे आकडे मोठ्याने सांगणारी एक व्यक्ती एवढ्यावर काम भागते.

प्रसंग एकच निवडावा आणि तो नीट बांधावा. उदाहरणार्थ, न्यूमोनियामुळे तीन दिवस व्हेंटिलेटरवर असलेला 52 वर्षांचा रुग्ण घ्यावा. कूस बदलून झाल्यावर हाय प्रेशरचा अलार्म वाजतो आणि सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) 96 टक्क्यांवरून 78 वर येते. ट्यूब आत सरकून फक्त उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेत गेली आहे, हे फक्त सराव घेणाऱ्याला ठाऊक असावे. हँडओव्हरच्या कागदावर ट्यूबची खूण दातांपाशी 22 सेंटिमीटर अशी लिहून ठेवावी आणि पुतळ्यावर ती प्रत्यक्षात 26 ला चिकटवावी.

अपेक्षित क्रम आधीच कागदावर उतरवावा. मदतीसाठी हाक मारणे आणि ऑक्सिजन शंभर टक्के करणे ही पहिली दोन कामे होत. त्यानंतर व्हेंटिलेटर सोडवून अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास द्यावा. यंत्रात बिघाड असेल तर सॅच्युरेशन येथेच सुधारू लागते. (जास्त पीपवर, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेल्या जास्त दाबावर, असलेल्या रुग्णाचे सर्किट सोडवताच फुप्फुस मिटू शकते, म्हणून बॅगला पीप व्हॉल्व्ह लावण्याची सवय सरावातच लावावी.) सुधारणा नसेल तर छाती दोन्ही बाजूंनी उचलली जाते का ते पाहावे, स्टेथोस्कोपने ऐकावे, सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढणारी बारीक नळी) घालून पाहावे आणि ट्यूबची खूण वाचावी. या प्रसंगात कॅथेटर विनाअडथळा आत जाते, म्हणजे ट्यूब तुंबलेली नाही. मात्र डावीकडे हवा कमी ऐकू येते. डाव्या बाजूच्या न्यूमोथोरॅक्समध्येही (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणे; ती सुईने काढतात) नेमके असेच ऐकू येत असल्याने खूण वाचण्याला येथे फार महत्त्व आहे. 22 ची 26 झालेली दिसली की संशय ट्यूबकडे वळतो, आणि छातीत सुई घालण्याची घाई टळते.

डॉक्टरांच्या भूमिकेतील व्यक्तीने तीन मिनिटांनी यावे आणि प्रथम गुंगीचे औषध वाढवण्यास सांगावे. परिचारिका त्या क्षणी ‘सर, ट्यूब 22 वरून 26 वर गेली आहे, डावीकडे एअर एंट्री कमी आहे, औषधाआधी एकदा ट्यूब पाहता का?’ असे स्पष्ट म्हणते की नाही, हा माझ्या मते या सरावाचा गाभा आहे. बाकीची कौशल्ये पुतळ्यावर एकट्यानेही घोटता येतात. मात्र नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टरांना पहिल्याच सरावात या पेचात टाकू नये.

खूण कोणीच वाचली नाही तर पाचव्या मिनिटाला नाडीचा वेग 120 वरून 50 वर आणावा आणि मग नाडी थांबवावी. येथे मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब, दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलणे, दर सहा सेकंदांनी एक श्वास आणि दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन हे सारे तपासता येते. ऑक्सिजनअभावी थांबलेल्या हृदयात बहुधा शॉक देण्याजोगी लय नसते. म्हणून मॉनिटरवर सरळ रेषा दाखवावी आणि टीम डिफिब्रिलेटरपाशीच अडकते की ट्यूबकडे परत वळते, याची नोंद घ्यावी.

एका निरीक्षकाने घड्याळ लावून फक्त वेळा लिहाव्यात. मोबाइलवर चित्रीकरण करू नये आणि या नोंदी कोणाच्याही वार्षिक मूल्यमापनाला जोडू नयेत, अन्यथा पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना नेमकी त्याच वेळी दुसरी कामे निघतात.

प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला वीस मिनिटे द्यावीत. ‘असे का केलेत?’ या प्रश्नाने समोरची व्यक्ती गप्प होते. त्याऐवजी जे दिसले ते सांगून विचारावे: ‘सिस्टर, अलार्म वाजल्यावर तुम्ही आधी सक्शन घेतलेत आणि ऑक्सिजन दीड मिनिटाने वाढवलात, त्या वेळी तुमच्या मनात काय चालले होते?’ उत्तर अनेकदा ज्ञानाच्या उणिवेकडे नव्हे, तर वॉर्डाच्या मांडणीकडे बोट दाखवते: सक्शनची नळी बेडपर्यंत पोहोचत नाही, ट्यूब घालताना घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा सेल संपला आहे, अंबूचा मास्क जागेवर नाही. अशी प्रत्येक त्रुटी जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख घालून लिहावी व पुढील सराव त्या यादीच्या तपासणीनेच सुरू करावा. वेळ उरल्यास तोच प्रसंग त्याच टीमकडून लगेच पुन्हा करून घ्यावा.

सुरक्षेची काळजी मात्र सुरुवातीपासूनच घ्यावी लागते. शेजारच्या बेडवरील नातेवाइकांना आधी कल्पना द्यावी, आणि खऱ्या रुग्णाची प्रकृती बिघडल्यास सराव तत्काळ थांबवण्यासाठी एक ठरावीक शब्द सर्वांना सांगून ठेवावा. पाणी भरलेल्या सिरिंजवर ‘फक्त सरावासाठी’ असे ठळक लिहून त्या वेगळ्या डब्यात, मोजून ठेवाव्यात. शेवटची सिरिंज मोजून परत मिळेपर्यंत आणि क्रॅश कार्ट भरून त्याला नवे सील लागेपर्यंत इन्चार्ज सिस्टरांनी सराव संपल्याची सही करू नये.