दुकानातील मालाला रेडिओ टॅग कसे लावावेत

म्हापसा किंवा मडगावच्या बाजारपेठेत कपडे, काजू आणि फेणी विकणाऱ्या दुकानदाराने टॅग घेण्यापूर्वी आपल्याला केवळ चोरी थांबवायची आहे की मालाची मोजदादही हवी आहे, हे ठरवावे. दारात उभ्या केलेल्या, टॅग ओळखणाऱ्या खांबांसोबत वापरले जाणारे ८.२ मेगाहर्ट्झचे साधे टॅग फक्त इशारा देतात. कोणती वस्तू बाहेर गेली हे कळण्यासाठी प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक देणारे आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारे) टॅग लागतात. त्यांचा रीडर, म्हणजे टॅग वाचणारे यंत्र, भारतात परवानामुक्त असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलाच घ्यावा. अमेरिकेसाठी बनवलेला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा रीडर घेऊ नये.

खरी कसोटी टॅगच्या जागेची असते. धातू रेडिओ लहरी परावर्तित करतो आणि द्रव त्या शोषून घेतो, त्यामुळे काजूच्या ॲल्युमिनियम अस्तराच्या पाकिटावर किंवा फेणीच्या भरलेल्या बाटलीच्या पोटावर चिकटवलेला साधा आरएफआयडी टॅग बहुधा वाचला जात नाही. बाटलीचा टॅग द्रवाच्या पातळीच्या वर, मानेवर लावावा. पाकिटासाठी धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण ते महाग असतात. माझ्या मते पाकिटापासून थोडा दूर लोंबणारा पुठ्ठ्याचा टॅग छोट्या दुकानाला अधिक परवडतो. कपड्यांना शिवणीजवळ कडक टॅग पुरेसा आहे. पावसाळ्यातील दमट हवेत पृष्ठभाग कोरडा पुसूनच चिकटवावे.

बिल होताच साधा टॅग निष्क्रिय करावा किंवा काढावा आणि आरएफआयडी क्रमांकाची विक्री म्हणून नोंद करावी. भोंगा वाजल्यास ग्राहकाला चोर न ठरवता, काउंटरवर टॅग काढायचा किंवा निष्क्रिय करायचा राहून गेला का, हे आधी नम्रपणे तपासावे.