खाडीवरचा अनोळखी शिकारी पक्षी कसा ओळखावा

ठाण्याच्या खाडीवर नोव्हेंबर ते मार्च या काळात शिकारी पक्षी पाहायचे असतील, तर सुरुवात आपल्या नेहमीच्या घारीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. ऐरोलीत किंवा नेरुळला गच्चीवर उभे राहिले तरी ती दिसते. तिच्या शेपटीला मधोमध खाच असते, शेपटी पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते आणि उडताना ती शेपटी सुकाणूसारखी सतत वळवत राहते. एवढे नजरेत पक्के बसले, की वेगळा पक्षी आपोआप डोळ्यांना खटकतो.

निघण्यापूर्वी भरतीची वेळ अवश्य पाहावी. भरतीत खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, तुतवार आणि चिखल्या या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे थवे नेरुळच्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातील पाणथळींसारख्या उथळ जागी दाटीने येऊन बसतात आणि त्यांच्यामागे शिकारी पक्षीही येतात. थव्यावरही लक्ष ठेवावे. रोजची घार डोक्यावरून गेली तर ते पक्षी सहसा फारसे हलत नाहीत. बहिरी ससाणा आला, तर सगळा थवा एकदम उठतो.

पक्षी दिसताच पुस्तक किंवा अ‍ॅप उघडू नये, कारण तेवढ्यात तो निघून जातो. आधी घारीच्या तुलनेत त्याचा आकार, मग पंखांची ठेवण, शेपटीचे टोक आणि उडण्याची रीत पाहावी. रंग शेवटी पाहावा, कारण उन्हाविरुद्ध सगळेच पक्षी काळे दिसतात आणि अनेक जातींत नर, मादी व अल्पवयीन पक्षी यांचे रंग निरनिराळे असतात. गवतावरून अगदी खालून, पंख उथळ व्हीच्या आकारात उचलून तरंगत जाणारा पक्षी बहुधा दलदली भोवत्या असतो; त्याच्या मादीचे डोके पिवळसर असते. पोट पांढरे, डोळ्यांवरून गडद पट्टा आणि पाय पुढे करून पाण्यात झेप, अशी खूण असलेला तो कैकर, म्हणजेच ऑस्प्रे.

खरी कसोटी बूटेड ईगल हा लहान गरुड लावतो. त्याचे गडद रूप घारीच्याच आकाराचे आणि जवळपास तिच्याच रंगाचे असल्याने अनुभवी निरीक्षकही त्याला घार समजून सोडून देतात. अशा वेळी दोन गोष्टी तपासाव्यात: शेपटीचे टोक खाच नसलेले, सरळ आहे का, आणि पक्षी समोरून येताना पंख जिथे शरीराला जुळतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक लहान पांढरा ठिपका दिसतो का. हे ठिपके दिसले, तर ती घार नव्हे.

छायाचित्र अस्पष्ट असले तरी पुसू नये. शेपटीचा आकार त्यातही कळतो. त्याच्यासोबत तारीख, वेळ, जागा आणि पाहिलेल्या खुणा जागेवरच लिहून ठेवाव्यात. एवढे करूनही खात्री पटली नाही, तर नोंदीत ‘अनोळखी शिकारी पक्षी’ असेच लिहावे. अंदाजाने दिलेले नाव नोंदीत राहते आणि पुढच्या निरीक्षकाची दिशाभूल करते.