वीज गेल्यावर मत्स्यटाकीतील मासे कसे सांभाळावेत

ठाणे आणि नवी मुंबईत गेलेली वीज बहुधा तासा-दोन तासांत परत येते, आणि म्हणूनच घरात मत्स्यटाकी ठेवणारे बरेच जण या प्रसंगाचा आधी विचार करत नाहीत. पण पावसाळ्यात तारांवर झाड पडते, जमिनीखालची केबल नादुरुस्त होते, रोहित्रात बिघाड होतो, आणि मग दुरुस्तीला किती वेळ लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली आणि अनेक भागांत ती पूर्ववत व्हायला कित्येक तास लागले. तेही ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. अशा दिवशी मासे तगतात की नाही, हे टाकीत किती मासे आहेत, फिल्टर किती स्वच्छ आहे आणि पंपाला काही पर्याय घरात आहे का, यावर बहुतांशी अवलंबून असते. म्हणजेच ते वीज असतानाच ठरलेले असते. उरलेला भाग आपण त्या काही तासांत शांतपणे काय करतो याचा आहे.

वीज गेल्यावर मासे भुकेने किंवा थंडीने मरत नाहीत, ते गुदमरतात, हे आधी लक्षात घ्यावे. हवेतील ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो. एअर पंपाचे बुडबुडे आणि फिल्टरची धार यांचे मुख्य काम हा पृष्ठभाग सतत हलता ठेवणे आणि वरचे ऑक्सिजनयुक्त पाणी तळापर्यंत पोहोचवणे हे असते. ते थांबले की ऑक्सिजन आत येण्याचा वेग मंदावतो, पण खर्च तसाच चालू राहतो. त्यात आपल्याकडच्या उष्णतेची भर पडते: २० अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवू शकते, तर ३० अंशांना हेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि नेमक्या त्याच उष्णतेत माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. शिवाय ऑक्सिजन वापरणारे केवळ मासेच नसतात. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू, तळाशी साचलेली विष्ठा व उरलेले खाद्य कुजवणारे जिवाणू आणि अंधारात पाणवनस्पती हे सगळेच त्या मोजक्या साठ्याचे वाटेकरी असतात.

आपल्या हातात किती वेळ आहे

याचे एकच उत्तर नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत पाच-सहा गप्पी आणि दोन मॉली असतील, पाणी स्वच्छ असेल आणि टाकी काठोकाठ भरलेली नसेल, तर काही तास काहीही न करता निभावतात. त्याच टाकीत चार मोठे गोल्डफिश असतील तर मे महिन्यात तासाभरातच त्यांची धाप दिसू लागू शकते. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि गोल्डफिश हे मोठ्या अंगाचे व भरपूर खाणारे मासे सर्वांत आधी अडचणीत येतात. फायटर आणि गुरामी यांना पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेण्यासाठी खास अवयव असतो, त्यामुळे ते बराच काळ तग धरतात. त्यांच्यासाठी पाण्याच्या वर हवेची मोकळी जागा राहील एवढे पाहिले की पुरते. टाकीचा आकारही महत्त्वाचा ठरतो, कारण उंच आणि अरुंद टाकीपेक्षा तेवढेच पाणी मावणाऱ्या पसरट टाकीला हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग जास्त मिळतो. निमुळत्या तोंडाचे काचेचे गोल भांडे या दृष्टीने सर्वांत वाईट. ते माशांसाठी मुळातच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घड्याळापेक्षा मासेच वेळ नीट सांगतात. प्रथम कल्ल्यांची उघडझाप जलद होते. मग मासे वरच्या थरात गोळा होतात, अंग तिरपे करून तोंड अगदी पाण्याच्या रेषेला लावतात आणि तोंडाची सारखी उघडमीट करतात. एरवी तळाशी असणारा सकर काचेवरून सरकत वर येतो. हे दिसले की उपाय तातडीने सुरू करावेत. अधूनमधून एखादाच कोरिडोरास झपकन वर येऊन परत खाली जात असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. ती त्याची नेहमीची सवय आहे.

पहिली दहा मिनिटे

सर्वप्रथम हीटर, दिवा आणि फिल्टर यांचे प्लग काढून ठेवावेत, कारण वीज परत येताना दाब एकदम वरखाली होऊ शकतो आणि पाणी कमी झालेल्या टाकीत उघडा पडलेला हीटर चालू झाल्यास त्याची काच तडकते. त्यानंतर झाकण काढावे. मात्र मासे उड्या मारणारे असतील तर वर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. पाणी काठापर्यंत असेल तर दोन-तीन इंच कमी करावे. खाद्य पूर्णपणे बंद ठेवावे. निरोगी प्रौढ मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतो, उलट या काळात टाकलेला प्रत्येक दाणा ऑक्सिजन खातो आणि अमोनिया वाढवतो. घरातल्या लहान मुलांना आणि ज्येष्ठांनाही हे आठवणीने सांगावे, कारण मासे वर येऊन तोंड उघडतात ते पाहून त्यांना भूक लागली असावी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

एअर पंप टाकीच्या खालच्या फळीवर ठेवलेला असेल आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व नसेल, तर पंप बंद पडताच पाणी नळीतून उलटे वाहून पंपात व जमिनीवर येऊ शकते. अशी नळी लगेच पाण्याबाहेर काढावी. झाडांच्या टाकीत साखर आणि यीस्टच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड सोडला जात असेल, तर ती नळीही त्याच वेळी बाहेर घ्यावी, कारण ती बाटली विजेवर चालत नाही आणि अंधारातही वायू सोडतच राहते.

यानंतर डासांविषयी एक सूचना करतो, कारण ती सहसा कोणी देत नाही. वीज गेली की पंखे बंद होतात, खिडक्या उघडल्या जातात, डास आत येतात आणि कोणीतरी डासांची कॉइल पेटवते. या कॉइलमध्ये आणि बहुतेक फवाऱ्यांमध्ये पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात, जी माणसाला फारशी बाधत नसली तरी माशांना अत्यंत विषारी असतात. बॅटरीवरचा एअर पंप खोलीतीलच हवा ओढून पाण्यात सोडत असल्याने तो धूर थेट टाकीत जातो. टाकी असलेल्या खोलीत कॉइल लावू नये, फवारा मारू नये. फारच गरज असेल तर दुसऱ्या खोलीत लावून मधले दार बंद ठेवावे.

हाताने हवा देणे

बॅटरीचा पंप नसेल तर स्वच्छ मग किंवा तांब्या पुरेसा आहे. साबणाचा अंश असलेला बाथरूममधला मग मात्र घेऊ नये. टाकीतलेच पाणी शक्य तितक्या खालून भरून घ्यावे आणि अर्ध्या फुटावरून बारीक धारेने परत सोडावे. धार एकाच जागी न पाडता पृष्ठभागावर फिरवावी. ती पडते तिथे फेसाळ बुडबुडे उठले आणि पाण्यावरची तेलकट साय फुटली की काम होत आहे असे समजावे. तळातली रेती ढवळली जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर साचलेली घाण वर येऊन नेमका उलटा परिणाम होतो. मासे दाटीने असलेल्या टाकीत दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे आणि विरळ टाकीत दर दीड-दोन तासांनी तेवढाच वेळ असा क्रम ठेवावा. रात्र मोठी असेल तर घरातल्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात.

दुकानात ऑक्सिजनच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या बहुतेक सोडियम परकार्बोनेटच्या असतात. त्या ऑक्सिजन सोडतात हे खरे. पण सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि पाण्याचा पीएच वाढतो, आणि पीएच वाढला की पाण्यात असलेला अमोनिया अधिक विषारी होतो. त्या शेवटचा उपाय म्हणूनच, वेष्टनावरील प्रमाणापेक्षा एक कणही जास्त न टाकता वापराव्यात.

तापमानाबाबत इंग्रजीतील बरेच मार्गदर्शन थंड देशांसाठी लिहिलेले असते आणि त्यात टाकीला ब्लँकेट गुंडाळायला सांगितलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये असे केल्यास मासे उकडून निघतील. डिस्कससारखे उबदार पाण्यातले मासे आणि जानेवारीतली एखादी गार रात्र सोडली, तर ठाण्यात प्रश्न पाणी तापण्याचा असतो. उन्हाच्या बाजूचे पडदे ओढावेत, हातपंख्याने पाण्यावर वारा घालावा, आणि तापमान ३२ अंशांच्या पुढे जाऊ लागले तर फ्रीजरमध्ये गोठवलेली, घट्ट बंद केलेली पाण्याची बाटली टाकीत तरंगत ठेवावी. तासाला एका अंशाहून जास्त उतार होऊ देऊ नये. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नयेत. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने पंख्याने गारवा कमी मिळतो, तरी पृष्ठभाग हलण्याचा फायदा होतोच.

फिल्टर, आणि वीज परत आल्यावर

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे. फिल्टरच्या स्पंजात आणि सिरॅमिक नळ्यांत राहणारे जिवाणू माशांच्या उत्सर्जनातील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्यासाठी १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये प्रवाह थांबला की आतील ऑक्सिजन लवकर संपतो आणि साचलेला गाळ ऑक्सिजनशिवाय कुजू लागतो. पाच-सहा तासांनी वीज आली आणि फिल्टर तसाच चालू झाला, तर हे कुजके पाणी एका दमात टाकीत उतरते. वीज नसताना तगलेले मासे वीज आल्यावर मरतात, ते अनेकदा यामुळे.

म्हणून दोन-तीन तासांहून अधिक वेळ लागेल असे दिसताच कॅनिस्टर उघडावा, स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या बाहेर काढून टाकीच्या पाण्यात, उथळ ठिकाणी ठेवाव्यात आणि डब्यातले पाणी फेकून द्यावे. स्पंज फार मळलेला असेल तर बादलीत टाकीचेच पाणी घेऊन हलक्या हाताने पिळावा. नळाखाली धुऊ नये, कारण पालिकेच्या पाण्यातील क्लोरीनने हेच जिवाणू मरतात. टाकीत बसवलेल्या साध्या स्पंज फिल्टरला यातले काही करावे लागत नाही, आणि मला तो आपल्यासारख्या ठिकाणी सर्वांत भरवशाचा वाटतो तो त्याचमुळे.

वीज आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, दाब स्थिर झाल्याची खात्री करून एकेक प्लग लावावा. काठावर टांगलेल्या फिल्टरमधले पाणी उतरले असेल तर तो कोराच घुरघुरत राहतो आणि मोटार जळते. त्यात मगभर पाणी ओतून धार सुरू झालेली डोळ्यांनी पाहावी. हीटर पूर्ण बुडालेला आहे हे पाहूनच चालू करावा. त्यानंतर चतुर्थांश पाणी बदलावे आणि पुढचे दोन-तीन दिवस अमोनियाची चाचणी रोज करावी. आकडा शून्यावर राहीपर्यंत खाद्य नेहमीच्या निम्मे ठेवावे.

आधी करून ठेवायची तयारी

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतींत गच्चीवरच्या टाकीत पाणी पंपानेच चढते, त्यामुळे वीज बराच वेळ गेली की नळही कोरडे पडू शकतात आणि पाणी बदलायची सोय राहत नाही. यासाठी एक बादली पाणी कायम भरून, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून, झाकून ठेवावे. सोसायटीच्या जनरेटरवर बहुतेक ठिकाणी लिफ्ट आणि जिन्यातले दिवेच चालतात. त्यावर विसंबू नये. घरात इन्व्हर्टर असल्यास तीन ते पाच वॅटच्या एअर पंपाचा त्यावर काहीच भार पडत नाही, पण हीटर त्यावर लावू नये, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा असलेला बरा, कारण स्क्वेअर वेव्हवर पंप जास्त घरघरतो आणि तापतो.

इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि मोबाइलची पॉवर बँक ही जोडी स्वस्त आणि पुरेशी आहे. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर एक-दीड वॅटचा पंप रात्रभर चालतो. मात्र काही पॉवर बँका इतका कमी प्रवाह ओढला जात असेल तर मोबाइल पूर्ण चार्ज झाला असे समजून आपोआप बंद होतात. म्हणून विकत घेतल्यावर आपला पंप आपल्या पॉवर बँकेवर, वीज असताना, सलग दोन तास चालवून पाहावा. कायम प्लगला जोडून ठेवायचे आणि वीज जाताच आपोआप बॅटरीवर सुरू होणारे पंपही मिळतात. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

महावितरणकडे आपला मोबाइल क्रमांक नोंदवलेला असेल तर नियोजित दुरुस्तीची सूचना संदेशाने मिळते आणि तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात मार्च २०२० पासून वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे असल्याने तिथल्या ग्राहकांनी नोंदणी त्यांच्याकडे करावी. सूचना आदल्या दिवशी मिळाली तर त्या संध्याकाळी खाद्य देऊ नये, सकाळी फिल्टरचा स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घ्यावा, चतुर्थांश पाणी बदलावे, पॉवर बँक चार्ज करावी आणि पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात.