चर्चच्या आवारातली रोपं का जगत नाहीत? या चुका टाळा

विदर्भातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात एप्रिलमध्ये चक्कर मारा. कुंपणालगत लोखंडी जाळ्या रांगेत उभ्या असतात. जाळीवर देणाऱ्याचं नाव असतं आणि आत वाळलेली काडी. मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, हौस नाही असं नाही, वर्गणीही जमते. घोळ होतो तो तारखेचा आणि लावल्यानंतरच्या निगेचा.

लागवडीची तारीख

बऱ्याच मंडळ्या ५ जूनच्या जवळचा रविवार पर्यावरण रविवार म्हणून पाळतात. उपासना होते, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि लगेच रोपं लावली जातात. त्या वेळी आपल्याकडे ऊन भाजून काढत असतं, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पाऊस येतो तो जूनच्या मध्यानंतर, आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा दडी मारतो. दुबार पेरणीची धास्ती असलेला शेतकरी ओल खोलवर गेल्याशिवाय सरकी टोबत नाही. त्याच मंडळीत बसणारा हाच माणूस चर्चचं रोप मात्र कोरड्यात लावतो, कारण कार्यक्रम ठरलेला असतो.

दुसरी तारीख १ सप्टेंबरची. सृष्टीसाठी प्रार्थनेचा हा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चने १९८९ साली सुरू केला, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथोलिक चर्चसाठीही ठरवला. तिथपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ पाळतात. पाळावाच, पण त्यात लागवड नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपला पाऊस संपतो. तेव्हा लावलेल्या रोपाची मुळं खाली जाण्याआधीच वरची माती सुकते.

म्हणून मे महिन्यात दोन फूट खोल खड्डे खणून उन्हात तापू द्या, जूनच्या रविवारी प्रार्थना करा आणि जमीन नीट भिजली की जुलैच्या एखाद्या रविवारी लागवड करा. सप्टेंबरमध्ये संडे स्कूलच्या मुलांना घेऊन तण काढा, आळी नीट करा, बुंध्याभोवती कुटार किंवा पालापाचोळा पसरा. कुटार बुंध्याला चिकटून टाकू नका, उधई चढते. वर चार दगड ठेवा, नाहीतर गावातली गुरं तुमचं आच्छादन खाऊन जातील.

जुलैत लावूनही रोप पिवळं पडत असेल तर बहुधा खड्ड्यात पाणी साचलंय. काळी माती एकदा फुगली की पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. तळाशी मुरूम टाका, रोप थोड्या उंचवट्यावर लावा. हिवाळ्यापर्यंत टवटवीत राहून उन्हाळ्यात पानांच्या कडा करपत असतील आणि गाव दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातलं असेल, तर बोअरचं पाणी तपासा. खारं पाणी रोज घालण्यापेक्षा छताचं पाणी साठवलेलं बरं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर टिनावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७० हजार लिटर, त्यातलं थोडं वाया जाणारच. पहिल्या एकदोन सरींचं पाणी मात्र सोडून द्या, टिनावरची पाखरांची घाण त्यातच येते. खारपाणात हे गोडं पाणी बोअरमध्ये मुरवलं तर खाऱ्यात मिसळून जातं. तिथं टाकीच हवी. टाकीच्या पाण्याने रोपाशेजारी पुरलेलं मडकं भरत राहिलं की मेही निघतो.

झाड निवडताना गुलमोहराचा मोह आवरा. दिसतो छान, पण वादळात फांद्या मोडतात. कडुनिंब, करंज, चिंच लावा, आणि भिंतीपासून चांगलं लांब.

कब्रस्तानाची साफसफाई

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं, आणि ते भक्तीने होतं. इस्टरच्या आधी किंवा २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनासाठी कब्रस्तान साफ करायचं म्हणून कोणी काडी लावतो, कोणी तणनाशक मारतो. आजूबाजूची सगळी जमीन नांगरली गेलेल्या गावात कब्रस्तान ही एकच अशी जागा असते, जिथं जुनी झाडं आणि गवत शिल्लक असतं. तितर, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. वाळल्या गवताला लावलेली आग गेल्या वर्षीची रोपंही घेऊन जाते. कबरींभोवती आणि पायवाटेवर विळ्याने गवत कापा, बाकीचं राहू द्या. कापलेलं गवत कोणीतरी गुरांसाठी आनंदाने नेईल. प्लॅस्टिकच्या फुलांऐवजी झेंडू, शेवंती आणा. नोव्हेंबरमध्ये ती स्वस्त असतात.

झावळ्यांचा रविवार

इस्टरच्या आधीच्या या रविवारी हातात धरायला झावळ्या लागतात. नाल्याकाठच्या शिंदीची कोवळी पानं सरळ असतात म्हणून पोरं शेंडाच तोडून आणतात. शिंदीला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड मरतं. खालची, बाहेरची पानं घ्या. एका झाडाची दोनचार पुरे.

प्रीतिभोजन आणि मागे उरलेला ढीग

थर्माकोलची ताटं महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. त्या जागी कागदी कप आले आणि मंडळी निर्धास्त झाली. पण त्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. जेवणानंतर हे सगळं चर्चच्या मागे पेटवतात, त्यात कन्व्हेन्शनचा, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभेचा, जुना फ्लेक्सही जातो. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, त्याचा धूर फार वाईट. बॅनर कापडाचा करा आणि त्यावर साल लिहू नका, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतो. जेवणाला पळसाच्या पत्रावळी घ्या, किंवा महिला मंडळाने एकदाच स्टीलची ताटं घेऊन ठेवावीत.

ताटं धुतली की पाण्याचा प्रश्न येतो. शोषखड्डा केला आणि वर्षभरात तुंबला, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारणं दोन. खड्डा काळ्या मातीतच संपलेला असतो, मुरमापर्यंत गेलेलाच नसतो. आणि तर्रीचं तेल थेट आत जातं. आधी एक लहान टाकं करा, तेल-खरकटं तिथं अडेल. जमत नसेल तर खड्ड्याचा नाद सोडून पाणी केळीला आणि अळूला द्या.

उपदेश आणि फवारणी

व्यासपीठावरून शेतकऱ्याला फवारणीबद्दल झापू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. हे ज्या मंडळीने जवळून पाहिलं, तिला औषधाचा धोका शिकवायची गरज नाही. चर्चने मास्क, हातमोजे, अंगभर कपडे यांचा एक संच ठेवावा आणि गरजूंना आळीपाळीने द्यावा. रिकामे औषधाचे डबे मात्र चर्चच्या आवारात येऊ देऊ नका, रोपांना पाणी घालायलासुद्धा नाही. कितीही धुतले तरी ते पुढे कोणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्याला वापरले जातात. धुऊन लगेच भोकं पाडा.