विश्वामित्रीचा काठ सुधारायचाय? आधी मगर बघा

बडोद्यात पूर आला की सगळे म्हणतात नदी खोल करा, दोन्ही बाजूंनी भिंत बांधा. २०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरानंतर तर जास्तच. पण मंडळी, भिंतीत मगर बीळ कुठे करणार आणि कासव अंडी कुठे घालणार? शिवाय अरुंद पात्रात पाणी लवकर चढतं आणि खाली जोरात जातं.

सोसायटी नदीकाठी असेल तर हे करा. कोतरात (नदीकाठच्या घळीत) भराव, डेब्रिज टाकू देऊ नका, पुराचं पाणी तिथेच पसरून थांबतं, हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी नंतर. उघड्या उतारावर वाळा गवत लावा, वर करंज-जांभूळ, मुळं माती धरतात. झाडोरा सरसकट साफ करू नका, फक्त प्लास्टिक काढा, तेही डिसेंबर-जानेवारीत, कारण नंतर मगरीचा अंडी घालायचा सीझन सुरू होतो आणि पिल्लं साधारण पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. पाण्यात स्वतः उतरू नका हं, हौस नको, मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधली, म्हणजे कडक संरक्षण असलेली आहे, आधी वनखात्याला विचारा.

गच्चीचं पाणी गटारात सोडण्यापेक्षा रिचार्ज बोअरला (पाणी जमिनीत मुरवणाऱ्या बोअरला) जोडा, फिल्टर लावून. जुनी तळी बुजवायला निघाले तर वॉर्डात लेखी तक्रार द्या, फोनवर काही होत नाही.