मुळांसकटचा ख्रिसमस ट्री पुढच्या वर्षीही हवा असेल तर

मुळांसकट आणलेला ख्रिसमस ट्री सण उरकल्यावर वाळतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा घरातल्या दिवसांचा असतो. स्प्रूस आणि फर ही थंड प्रदेशातली झाडं. हिवाळ्यात ती सुप्तावस्थेत असतात. उबदार खोलीत जास्त दिवस राहिली की थंडी सरली असं समजून त्यांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे बंद अंकुर, फुगू लागतात, आणि मग बाहेरच्या कडाक्यात तेच कोवळे कोंब करपतात. म्हणून घरात फार तर दहा दिवस. मी स्वतः सातव्या दिवशी बाहेर काढतो. आत आणताना आणि बाहेर नेताना दोन-तीन दिवस पडवीत किंवा उघड्या गॅलरीच्या आडोशाला मुक्काम द्यावा. हीटर आणि चुलीपासून लांब, दिवे एलईडीचेच, आणि फांद्यांवर नकली बर्फाचा फवारा अजिबात नको.

विकत घेतानाच पारख करा. कुंडीतच वाढलेलं रोप आणि शेतातून उपटून कुंडीत कोंबलेलं रोप दिसायला सारखंच, पण दुसऱ्याची बरीच मुळं शेतातच राहिलेली असतात. खोड धरून हलकेच हलवा. मातीचा गोळा खोडाबरोबर हलला तर मुळं धरलेली आहेत. खोड मातीत सैल डुगडुगलं तर ते रोप घेऊ नका. उंची तीन-चार फूट पुरे, लहान झाड लवकर रुळतं.

खरी मेहनत उरलेल्या अकरा महिन्यांची. इतर झाडं तहानली की माना टाकतात, हे झाड टाकत नाही. सुयांसारखी पानं तपकिरी होऊन गळू लागतात तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे झाडाकडे बघून नव्हे, मातीत बोट दोन पेरं खुपसून पाणी ठरवा. उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी लागू शकतं, पण बशीत साचू देऊ नका, मुळं कुजतात. थंडी ओसरली की, नवे कोंब फुटण्याआधी, दोन इंच मोठ्या कुंडीत हलवा. गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. सावकाश विरघळणारं खत याच वेळी द्या, उन्हाळा सरल्यावर नको.

कोरड्या हवेत लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड येते. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालू लागले तर कोळीच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुऊन काढा, आठवड्याने पुन्हा धुवा.

ख्रिसमस ट्री म्हणूनच विकल्या जाणाऱ्या अरौकेरियाला (नॉरफोक आयलंड पाइन) मात्र हे वेळापत्रक लावू नका. तो उबदार हवेतला. भरपूर उजेड असेल तर वर्षभर घरात राहतो, पण हिम पडलं की मरतो. त्याचा शेंडा कधीच छाटू नका, सरळ वाढ तिथेच थांबते. फांद्या नाजूक असतात, जड सजावट टांगू नये.

काही वर्षांनी कुंडी पुरेनाशी झाली की जमिनीत लावा, पण घराच्या भिंतीपासून लांब. नॉर्वे स्प्रूस तीस मीटरच्या वर जातो.

आणि झाड मेलं असं वाटलं तरी लगेच उपटू नका. बारीक फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवा ओलावा दिसला तर सावलीत ठेवा, पाणी बेताने द्या आणि डोळे फुटायच्या हंगामापर्यंत वाट बघा.